एका टॉवरची दोन पत्रकं

आमच्या सोसायटीचं मासिक पत्रक काढायचं ठरलं, त्या मीटिंगमध्ये पाऊण तास नावावर गेला. मग वाढदिवस छापायचे का, यावर दहा मिनिटं. शेवटी कोणीतरी विचारलं, तक्रारी छापायच्या का? चेअरमन म्हणाले, "छे छे. पत्रक लोकांना जोडायला आहे. भांडायला व्हॉट्सॲप ग्रुप आहेच की." सगळे हसले, मीही हसलो. चहा येईपर्यंत पत्रकाचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्या आठवड्यात मी नमुने शोधत बसलो. मोठ्या वसाहती आपल्या रहिवाशांना काय लिहितात, कसं लिहितात, कोणी ते वाचतं का. शोधता शोधता लंडनच्या ग्रेनफेल टॉवरपाशी पोचलो आणि तिथेच अडकलो. २०१७ च्या आगीची बातमी आपल्याकडेही आली होती, काळाठिक्कर पडलेला तो टॉवर फोटोत सगळ्यांनी पाहिलाय. मला माहीत नव्हतं ते असं, की आगीच्या आधी काही वर्षं त्या एका इमारतीवर दोघांकडून लिहिलं जात होतं. इमारत सांभाळणारी संस्था छापील पत्रक काढत होती, आणि रहिवाशांपैकी काहीजण स्वतःच्या ब्लॉगवर लिहीत होते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. रहिवाशांशी संवाद म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही. वाचायला सोपं मात्र नाही.

कोणाचं घर, कोण सांभाळणार

ग्रेनफेल टॉवर पश्चिम लंडनमध्ये, उत्तर केन्सिंग्टनच्या लँकेस्टर वेस्ट वसाहतीत, १९७४ साली बांधून पूर्ण झाला. चोवीस मजले, दोन लिफ्ट आणि जिना एकच. खालच्या चार मजल्यांवर इतर वापर, वर वीस मजले राहायचे, दर मजल्याला सहा घरं. मालकी स्थानिक कौन्सिलची, म्हणजे केन्सिंग्टन अँड चेल्सीची. लंडनच्या सगळ्यात श्रीमंत भागांतला हा एक भाग, आणि टॉवर त्याच्या गरीब टोकाला. राहणारे बहुतेक कौन्सिलचे भाडेकरू, काहींनी आपलं घर विकत घेतलेलं. मोरोक्को, इथिओपिया, इरिट्रिया, सीरिया, कुठून कुठून आलेली कुटुंबं एकाच लिफ्टने वर-खाली करायची.

कौन्सिल मालक असली तरी कारभार १९९६ पासून वेगळ्या संस्थेकडे होता. तिच्या नावाचा अर्थच 'भाडेकरूंची व्यवस्थापन संस्था'. सगळे तिला टीएमओ म्हणत, मीही तेच म्हणतो. कागदावर ही रचना आपल्या सहकारी सोसायटीच्या जवळची. रहिवाशांना सभासद होता येई, संचालक मंडळावर रहिवाशांचे प्रतिनिधी बसत. म्हणजे संस्था आपली, कारभारी आपले. फरक एवढाच, की आपल्याकडे एका सोसायटीत साठ-सत्तर, फार तर दोन-तीनशे घरं असतात. टीएमओच्या ताब्यात नऊ-दहा हजार होती. त्यात चौदाव्या मजल्यावरच्या माणसाला 'आपली संस्था' कशी वाटणार? सत्तर घरांतही ती वाटत नाही, हे कमिटीवर बसलेल्या कोणालाही विचारा.

रागाने लिहिणारे दोघे

२०१० मध्ये टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या हिरव्या जागेवर शाळा आणि क्रीडा केंद्र बांधायचं घाटत होतं. वसाहतीला मोकळी जागा तेवढीच. विरोधासाठी काही रहिवासी एकत्र आले, त्यांनी नाव घेतलं ग्रेनफेल ॲक्शन ग्रुप. लिहायचं काम मुख्यतः दोघांचं: फ्रान्सिस ओकॉनर आणि एडवर्ड डॅफर्न. डॅफर्न टॉवरच्या सोळाव्या मजल्यावर राहत.

जागा गेलीच, शाळा झाली. पण लिखाण थांबलं नाही, आणि हळूहळू विषय हिरवळीवरून इमारतीकडे वळला.

२०१३ च्या जानेवारीत त्यांनी लिहिलं ते वाटेबद्दल. टॉवरपर्यंत जायचा रस्ता अरुंद, त्यात गाड्या लावलेल्या, बंब पोचणार कसा? फेब्रुवारीत आग विझवायच्या सिलिंडरबद्दल. वसाहतीतल्या सिलिंडरची तपासणी होऊन वर्ष उलटलं होतं. त्यांतल्या काहींवर तर 'बाद' अशा अर्थाचा शब्द मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेला. मला हा तपशील फार आवडला. आवडला म्हणजे काय, पटला. कारण हे कोणी अहवालातून शोधून काढलेलं असो की स्वतः खाली जाऊन पाहिलेलं, ते लिहिणाऱ्याला एका भिंतीसमोर उभं करतं. तुम्ही जा, बघा, शब्द आहे की नाही ते सांगा. खोटं असेल तर पाच मिनिटांत खोटं ठरेल.

त्याच वर्षी मे महिन्यात टॉवरमध्ये विजेचा दाब एकदम चढू लागला. घराघरातली उपकरणं जळाली, काहींमधून धूर निघाला. याबद्दलही त्यांनी लिहिलं, पुन्हा पुन्हा लिहिलं.

भाषा कशी होती, हेही सांगायला हवं, नाहीतर चित्र गोड होईल. भाषा कडू होती. अधिकाऱ्यांची नावं घेऊन, टोमणे मारून, कधी शिव्यांच्या उंबरठ्यावर जाऊन ते लिहीत. टीएमओला 'माफिया'च्या रांगेत बसवायलाही त्यांनी कमी केलं नाही. मी टीएमओच्या ऑफिसात नोकरीला असतो तर सकाळी ते वाचून माझाही चहा थंड झाला असता.

२०१३ च्या जुलैत कौन्सिलकडून ओकॉनर यांना पत्र आलं. लिहिणारा वकील होता. तुमचं लिखाण बदनामीकारक आहे, माणसांना छळणारं आहे, ते काढून टाका, असा त्याचा रोख.

इथे मी बराच वेळ थांबलो. कौन्सिलला एखाद्या अधिकाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली, हे समजू शकतं. पण सहा महिन्यांत रस्ता, सिलिंडर, वीज अशा तीन गोष्टी कोणीतरी लिहून ठेवल्या आहेत आणि कौन्सिलने लेखी धाडलेलं सगळ्यात ठाम उत्तर भाषेबद्दलचं आहे. रागावलेल्या माणसाच्या वाक्यातून राग वजा केला तर हातात काय उरतं, ते तपासायचं काम कोणाच्याच टेबलावर नव्हतं.

गुळगुळीत कागद

आता दुसरं पत्रक.

टॉवरचं मोठं नूतनीकरण ठरलं होतं. नव्या खिडक्या, नवी गरम पाण्याची व्यवस्था, खालच्या मजल्यांवर नऊ नवी घरं आणि बाहेरून नवा मुलामा, म्हणजे क्लॅडिंग. खर्च नव्वद लाख ते एक कोटी पौंडांच्या घरात. काम २०१६ मध्ये संपलं. त्या काळात टीएमओ रहिवाशांसाठी नूतनीकरणाचं पत्रक काढत असे. काम कुठवर आलं, पुढच्या महिन्यात काय होईल, कोणाला फोन करायचा.

जुलै २०१४ च्या अंकात आगीबद्दल एक मजकूर आहे. त्याचा आशय असा: आपलं 'घरातच थांबा' हे जुनं धोरण, दुसरं काही सांगेपर्यंत, कायम आहे. आग तुमच्या घरात किंवा तुमच्या दाराबाहेरच्या बोळात नसेल तर घरातच राहा. कारण ग्रेनफेल अग्निसुरक्षेच्या कडक निकषांनुसार बांधलेला आहे. शिवाय घरांची नवी पुढची दारं ३० मिनिटांपर्यंत आग अडवू शकतात, तेवढ्यात अग्निशमन दल येईलच.

हे कोणी वाईट हेतूने लिहिलेलं नाही. उंच काँक्रीट इमारतींत प्रत्येक घर म्हणजे एक बंद डबा, एका डब्यातली आग दुसऱ्यात जायला वेळ लागतो, म्हणून सगळ्यांनी एकदम जिन्यात गर्दी करू नये, हा विचार ब्रिटनमध्ये रुजलेला होता. एरवी तो चालतही होता. पण तो डब्यावर अवलंबून आहे, आणि ज्या पत्रकात हे छापलं ते पत्रक त्याच डब्याला बाहेरून नवं आवरण चढवायच्या कामाचं होतं. क्लॅडिंगसाठी आधी जस्ताचे पत्रे ठरले होते, मग स्वस्त पडतात म्हणून ॲल्युमिनियमचे आले. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये पॉलिथिलीनचा गाभा, जळणारा. वाचले ते सुमारे २ लाख ९३ हजार पौंड.

आणि दाराची ३० मिनिटं? आगीनंतर लंडन पोलिसांनी टॉवरमधलं एक न जळालेलं दार चाचणीला दिलं. ते सुमारे पंधरा मिनिटं टिकलं.

पत्रक लिहिणाऱ्याला २०१४ मध्ये हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. पुरवठादाराने सांगितलं, त्याने लिहिलं. मीही असंच लिहितो. 'लिफ्टची देखभाल वेळोवेळी केली जाते.' कोणी सांगितलं? लिफ्टवाल्याने. पत्रकांतली अशी वाक्यं वाचताना डोळ्यांवर झापड येते, कारण त्यांत उलट विचारण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. 'बाद' लिहिलेला सिलिंडर खोटा ठरवता येतो. 'कडक निकषांनुसार' हे शब्द खरे-खोटे काहीच ठरवता येत नाहीत.

दाराचा क्लोजर आणि जिन्यातला आकडा

काम चालू असताना रहिवाशांचे प्रश्न मोठमोठे नव्हतेच. गरम पाण्याचं नवं यंत्र आमच्या पुढच्या दाराजवळच्या बोळात का? कामगार ठरल्या दिवशी का येत नाहीत? जिन्यातून गॅसची पाइपलाइन उघडीच का नेताय, बाहेर पडायला वाट तेवढीच आहे ना? यासाठी सह्यांचे अर्ज गेले, रहिवाशांचे वेगळे गट झाले, नगरसेवकांनी प्रश्न मांडले. त्या सगळ्याच्या तारखा देत बसत नाही. दोन गोष्टी मात्र जवळून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, दाराचा क्लोजर. दाराच्या वरच्या कडेला जो धातूचा हात असतो, जो दार आपोआप ओढून घेतो, तो. आपल्याकडे ऑफिसांत असतो, घरांना क्वचित. तिकडच्या उंच इमारतींत घराच्या पुढच्या दाराला तो हवाच, कारण आग लागली की माणूस पळतो, दार लावायला मागे वळत नाही. दार उघडं राहिलं की धूर बोळात, बोळातून जिन्यात. क्लोजर कटकटीचा असतो. जोरात आपटतो, हातात सामान असलं की त्रास देतो, म्हाताऱ्या माणसाला दार उघडवत नाही. म्हणून लोक तो काढतात, किंवा तुटला की तसाच राहू देतात.

ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस टीएमओच्याच दुसऱ्या इमारतीत, अडेर टॉवरमध्ये, आग लागली. अग्निशमन दलाने तिथल्या दारांच्या क्लोजरबद्दल सक्तीची नोटीस काढली. ग्रेनफेलबद्दलही २०१६ च्या नोव्हेंबरात त्रुटींची नोटीस आली, त्यातही क्लोजर होते. टीएमओने क्लोजर बसवण्यासाठी पाच वर्षांचा कार्यक्रम आखला. पाच वर्षं! इथे एक साधा कागद काय करू शकला असता, असं मला राहून राहून वाटतं. 'तुमच्या दाराचा क्लोजर चालतो का? दार अर्धं उघडा, सोडा. पूर्ण बंद झालं नाही तर या नंबरवर सांगा.' तीन ओळी. मात्र त्या लिहिल्या की शंभर फोन येतात, आणि फोन घेणाऱ्याकडे उत्तर असावं लागतं.

दुसरी गोष्ट मजल्याच्या आकड्याची. टॉवरमधली घरं जुन्या हिशोबाने क्रमांकित होती. घर क्रमांक १६ म्हणजे राहायच्या पहिल्या मजल्यावरचं सहावं घर. १३४ म्हणजे तेराव्यावरचं चौथं. नूतनीकरणात खालचे मजलेही मोजणीत आले आणि राहायचा पहिला मजला झाला चौथा, तेरावा झाला सोळावा. घरांचे क्रमांक तेच राहिले. तेराव्यावरचे डॅफर्न जागचे न हलता सोळाव्यावर गेले. हरकत नाही, राहणाऱ्याला दोन आठवड्यांत सवय होते. पण जिन्यातल्या मजल्यांच्या खुणा नव्या आकड्यांप्रमाणे धड बदलल्या गेल्या नाहीत. धुराने भरलेल्या जिन्यात, पहिल्यांदाच त्या इमारतीत आलेला जवान आपण कितव्या मजल्यावर आहोत हे भिंतीवरून वाचणार असतो.

रंगाचा एक डबा आणि एका माणसाची एक दुपार, एवढंच काम होतं ते.

२० नोव्हेंबर २०१६

या तारखेला ॲक्शन ग्रुपने जो लेख लिहिला तो पुढे जगभर फिरला. 'टीएमओ आगीशी खेळते आहे' अशा अर्थाचा मथळा. आशय असा, की काहीतरी भीषण घडून जीव गेल्याशिवाय आमच्या घरमालकाची नालायकी उघड होणार नाही, अशा निष्कर्षाला आम्ही आलो आहोत. तसं घडलं तर हे शब्द आठवा, आम्ही सांगितलं नव्हतं असं म्हणू नका. अडेर टॉवरची आग त्यात होती, रहिवाशांना आगीच्या वेळी काय करायचं याच्या धड सूचना नसणंही होतं.

यात क्लॅडिंगचं नाव नाही. 'रहिवाशांनी सगळं आधीच सांगितलं होतं' असं सरसकट म्हटलं जातं, म्हणून हे लिहून ठेवतो. पत्र्याच्या पोटात काय आहे हे त्यांना माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की ही संस्था लहान गोष्टी बघत नाही आणि विचारलं की चिडते. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला. भांडी घासणाऱ्या बाईला घरातलं बिनसलेलं कळतं, तिला कोणी भांडणाचं कारण सांगितलेलं नसतं.

सात महिनेही झाले नव्हते. १४ जून २०१७ च्या रात्री बाराला चोपन्न मिनिटांनी चौथ्या मजल्यावरून फोन गेला. घर क्रमांक १६, स्वयंपाकघर, फ्रिज. राहणाऱ्याने नीट कळवलं, त्याची चूक काहीच नव्हती. आग खिडकीतून क्लॅडिंगला लागली आणि अर्ध्या तासात छतापर्यंत पोचली. 'घरातच थांबा' हा सल्ला मागे घेतला गेला तो दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी. अनेक दारांचे क्लोजर नव्हते किंवा चालत नव्हते, धूर बोळांत भरला. ७२ माणसं गेली. डॅफर्न सोळाव्या मजल्यावरून धुरातून उतरले, वाचले.

आयोगाने काय लिहिलं

सर मार्टिन मूर-बिक यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी आयोगाचा पहिला अहवाल ३० ऑक्टोबर २०१९ ला आला, दुसरा ४ सप्टेंबर २०२४ ला, सात खंड. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं आयोगाने म्हटलं. दोषाचा मोठा वाटा क्लॅडिंग आणि उष्णतारोधक साहित्य बनवणाऱ्या कंपन्यांच्या लबाडीकडे, ठेकेदार-आर्किटेक्टांकडे आणि वर्षानुवर्षं डोळेझाक केलेल्या सरकारकडे जातो. पत्रक चांगलं असतं तर पत्रे जळले नसते असं नाही. तो दावा मी करत नाही.

पण दुसऱ्या अहवालात टीएमओ आणि रहिवासी यांच्या नात्यावर सविस्तर लिहिलंय, आणि आपल्या कामाचं तिथे आहे. अविश्वास, नावड, वैयक्तिक वैर आणि राग, असं त्या नात्याचं वर्णन आहे. काही रहिवाशांना टीएमओ दादागिरी करणारा, बेफिकीर मालक वाटे. टीएमओला काही रहिवासी उपद्रवी वाटत, मूठभर बोलक्या लोकांनी, त्यातही डॅफर्न यांनी, भडकवलेले. दोन्ही बाजूंना काही ना काही दिसत होतं. पण नातं इतकं बिघडू देणं हे टीएमओचं गंभीर अपयश, असं आयोगाने ठरवलं, कारण सांभाळायची जबाबदारी तिची होती. दोघं भांडत असले तरी दोघांची स्थिती सारखी नसते. एकाच्या हातात पाना असतो, दुसऱ्याच्या हातात फक्त पेन.

आणखी एक नोंद आहे. टीएमओचे मुख्य अधिकारी रॉबर्ट ब्लॅक यांनी अग्निसुरक्षेच्या बाबी संचालक मंडळापासून आणि कौन्सिलपासून दडवण्याचा पायंडा पाडला. हे वाचलं आणि पत्रकाचं कोडं सुटल्यासारखं झालं. जो माणूस आपल्याच मंडळाला वाईट बातमी सांगत नाही, त्याच्या संस्थेच्या पत्रकात ती कुठून येणार? पत्रकाची भाषा ऑफिसात कोण कोणाशी कसं बोलतं यावरून ठरते. आपण उगाच मथळे आणि फोटो बदलत बसतो.

नंतर कायदे झाले. २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने किमान १८ मीटर उंच किंवा किमान सात मजली निवासी इमारतींच्या जबाबदार व्यक्तीला रहिवाशांना सहभागी करून घेण्याचं लेखी धोरण बंधनकारक केलं. काय कळवणार, कशाबद्दल विचारणार, त्यांचं म्हणणं कसं नोंदवणार. जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत दारांची नियमित तपासणी आली, रहिवाशांना समजतील अशा सूचना आल्या, आणि उंच इमारतींच्या जिन्यात मजल्यांचे आणि घरांचे क्रमांक कमी उजेडात, टॉर्चच्या प्रकाशातही दिसतील असे लावण्याची सक्ती आली. रंगाचा तो डबा शेवटी कायद्यात लिहावा लागला. टीएमओकडून कारभार २०१८ मध्ये काढून घेण्यात आला.

आमचा कागद

इथवर वाचून झालं आणि पत्रकाचा पहिला अंक मात्र कोराच होता.

आमची इमारत पुण्यात, बारा मजले, तीन विंगा. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे, त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा 'नमुना ब' दाखला द्यायचा असतो. आमचा असतो. फायलीत आहे, मी स्वतः पाहिला. सही, शिक्का, सगळं. मी पहिली ओळ लिहिली, 'आपल्या इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत आहे', आणि हात थांबला. कोणी सांगितलं? एजन्सीने.

बी विंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक काका राहतात, सरकारी खात्यातून निवृत्त. ग्रुपवर त्यांचे मेसेज येतात ते स्क्रीनभर, रात्री अकरानंतर. कमिटीला 'टोळी' म्हणतात. दोनदा त्यांना ग्रुपमधून काढायचा ठराव मीटिंगमध्ये येता येता राहिला. त्यांचे मेसेज मी गेली दोन वर्षं न उघडता पुसतोय.

रविवारी सकाळी त्यांची बेल वाजवली. दार अर्धवट उघडून ते बघत राहिले.

"काय, मेंटेनन्स राहिलाय का माझा?"

"नाही हो काका. पत्रक काढतोय सोसायटीचं. तुम्ही आगीबद्दल काहीतरी लिहिलं होतं ना, मागे कधीतरी?"

"कधीतरी? चार वेळा लिहिलंय." ते आत गेले आणि डायरी घेऊन आले. एलआयसीची जुनी डायरी, मधली पानं रबरबँडने धरलेली. आत तारखा, वेळा, कोणाशी बोललो, तो काय म्हणाला. शब्द सौम्य नव्हते, एके ठिकाणी माझं नाव होतं आणि त्यापुढे एक विशेषण. मी ते वाचलं, त्यांनीही मी वाचताना पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

पहिली नोंद होती आठव्या मजल्यावरच्या रिफ्यूज एरियाची. आग लागली तर वरच्या मजल्यांच्या लोकांनी जिथे थांबायचं ती मोकळी जागा. 'दाराला कुलूप. चावी वॉचमनकडे असं सेक्रेटरी म्हणतात. वॉचमनला विचारलं, त्याला माहीत नाही.'

"अजून आहे कुलूप?" मी विचारलं.

"चला की, बघू."

लिफ्टने वर गेलो. कुलूप होतं, मोठं, पितळी. काचेतून आत कोणाच्या तरी जुन्या गाद्या आणि मोडकी सायकल दिसत होती. मी खाली वॉचमनला फोन लावला. तो पंधरा दिवसांपूर्वी कामाला लागलेला. त्याने आधीच्याला फोन केला. आधीचा म्हणाला, चावी क्लबहाउसच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवरची चावी खजिनदारांकडे, खजिनदार लग्नाला नाशिकला. शेवटी सफाईवाल्या मावशींना आठवलं, तिथे गणपतीचं मखर ठेवलं होतं तेव्हा एक चावी त्यांच्याच जुडग्यात आली होती.

काकांनी घड्याळ बघितलं आणि डायरीत लिहिलं. मी खांद्यावरून वाकून वाचलं: 'रविवार. कुलूप उघडायला ४० मिनिटं.'

"हे छापा," ते म्हणाले.